जबल मूसा: आडवाटेच्या शिखरावरची गर्दी आणि तिला चुकवायचं वेळापत्रक

इजिप्तच्या नकाशावर सिनाई द्वीपकल्पाचं दक्षिण टोक पाहिलं, तर तिथे फारसं काही दिसत नाही. एका बाजूला सुएझचं आखात, दुसऱ्या बाजूला अकाबाचं, आणि मधे लाल-तपकिरी ग्रॅनाइटच्या उघड्याबोडक्या डोंगरांची दाटी. त्यातच 2285 मीटर उंचीचा जबल मूसा उभा आहे. देवाने बायबलमधल्या मोशेला (अरबीत मूसा) दहा आज्ञा दिल्या त्या इथेच, अशी परंपरेने चालत आलेली श्रद्धा. जवळचं मोठं शहर कित्येक तासांवर, झाडं नावापुरती, पाऊस क्वचित. इतक्या लांब आणि तेही मध्यरात्री चढून गेल्यावर वर आपण आणि तारे एवढेच असू, अशा कल्पनेने बरेच जण निघतात. पहाटे माथ्याजवळ पोहोचतात तेव्हा शेवटच्या पायऱ्यांवर टॉर्चच्या उजेडांची माळ लागलेली असते, वर बसायला दगड शिल्लक नसतो आणि कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी चालू असतात.

यावर लोक दोन गोष्टी करतात. एक तर वैतागून ‘उगाच गाजावाजा झालेली जागा’ असं म्हणत परत जातात, नाहीतर जायचंच रद्द करतात. मला दोन्ही चुकीचं वाटतं. जबल मूसावरची गर्दी दिवसभराची नाही आणि सगळ्या डोंगरभर पसरलेलीही नाही. ती ठरावीक तीन-चार तासांत, एकाच वाटेवर आणि एकाच माथ्यावर असते. ती का होते हे कळलं की तिला चुकवणं अवघड राहत नाही.

गर्दी येते कुठून

या डोंगराच्या पायथ्याशी सेंट कॅथरीनचा मठ आहे. बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राट जस्टिनियनने तो सहाव्या शतकात बांधून घेतला आणि तेव्हापासून तो चालू आहे. 2002 पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मठ पाहुण्यांसाठी सकाळी थोडाच वेळ उघडतो. साधारण नऊच्या सुमाराला दार उघडतं आणि दुपार व्हायच्या आत बंद होतं. शुक्रवारी, रविवारी आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स सणांना तो बहुधा बंदच असतो.

दुसरीकडे समुद्रकिनाऱ्यावर शर्म अल-शेख आणि दहब ही दोन पर्यटनस्थळं आहेत. शर्महून गाडीने इथे यायला सुमारे तीन तास लागतात, दहबहून दोनेक तास. हॉटेलांतून निघणाऱ्या सहलींना एका रात्रीत दोन गोष्टी उरकायच्या असतात: माथ्यावरचा सूर्योदय आणि सकाळचा मठ. मग सगळ्यांचं वेळापत्रक आपोआप एकच होतं. रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान किनाऱ्यावरून बस सुटतात, एक-दोनच्या सुमाराला पायथ्याशी येतात, सगळे एकाच वेळी चढायला लागतात, सूर्योदयाला माथ्यावर असतात, खाली येऊन नऊला मठाच्या दाराशी उभे राहतात आणि दुपारपर्यंत परतीच्या बसमध्ये झोपलेले असतात.

म्हणजे गर्दी मठाच्या घड्याळावर चालते. सकाळी साडेसातनंतर माथा झपाट्याने रिकामा होतो. दुपारी चार वाजता तिथे कुणी भेटलं, तर तो बहुतेक चहाच्या टपरीवाला असतो.

रात्र कुठली, वेळ कुठली

आधी वार ठरवा. मठ बंद असेल त्या दिवशी सकाळी परदेशी सहली कमी येतात, हा साधा हिशोब. म्हणून गुरुवारची रात्र चांगली, असं वाटेल. पण इजिप्तमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते. गुरुवारी रात्री कैरोहून तरुण मंडळींचे गट बस भरून येतात, आणि स्पीकर बहुधा त्यांच्याच पिशवीत असतो. शनिवारच्या रात्रीचं तसं नाही. स्थानिक सुट्टी संपत आलेली असते आणि रविवारी मठ बंद असल्याने किनाऱ्यावरच्या सहलीही कमी असतात. सूर्योदयच पाहायचा असेल तर मी शनिवारची रात्र धरेन. ईस्टर, नाताळ, नवीन वर्ष आणि इजिप्तमधल्या मोठ्या सुट्ट्यांना मात्र कुठलाच वार उपयोगाचा नाही.

वारापेक्षा वेळ महत्त्वाची. चार पर्याय आहेत, आणि कुठला कुणाला योग्य ते माणसागणिक बदलतं.

पहिला, सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा: सूर्यास्त. सूर्यास्ताच्या साडेतीन-चार तास आधी पायथा सोडायचा. डिसेंबरात इथे सूर्य पाचच्या आत मावळतो, म्हणजे एक वाजता निघायला हवं. जूनमध्ये तो साडेसातनंतर मावळतो, म्हणजे चारच्या आसपास निघालं तरी चालतं. आजूबाजूचे डोंगर तांबूस होत जातात, सावल्या लांब पडत जातात, आणि हे सगळं बहुधा हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या माणसांच्या सोबतीने पाहायला मिळतं. उतरताना अंधार होतो, पण त्याची सोय आहे. ती पुढे सांगतो.

दुसरा, उशिराची सकाळ. गर्दी खाली येत असते तेव्हा, सात-साडेसातला, आपण वर निघायचं. निम्म्या वाटेपर्यंत उतरणाऱ्यांची वर्दळ लागते, त्यानंतर वाट मोकळी. साडेदहा-अकराला माथा. हिवाळ्यात आणि वसंतात हे उत्तम, उन्हाळ्यात नको. मठ मात्र त्या दिवशी हुकतो.

तिसरा, सूर्योदय पण माथ्याखालून. सूर्य सगळ्यांना एकाच दिशेला दिसतो. तो बघायला माथ्याखालच्या शेवटच्या साडेसातशे पायऱ्या चढून माणसांच्या गर्दीत उभं राहायलाच हवं, असं नाही. उंट ज्या रुंद वाटेने जातात त्या उंटवाटेच्या वरच्या टप्प्यावर, पूर्वेला मोकळं दिसणाऱ्या एखाद्या कड्यावर थांबा. आकाश उजळायला लागलं की तिथेच बसा, आणि वरचे लोक उतरून गेल्यावर सावकाश माथ्यावर जा.

चौथा, सगळ्यांबरोबर माथ्यावरचा सूर्योदय. यात कमीपणा काही नाही. कित्येक यात्रेकरूंसाठी ही आयुष्यात एकदाच घडणारी यात्रा असते. वेगवेगळ्या देशांतले गट आपापल्या भाषेत प्रार्थना म्हणत असतात, सूर्याची कड दिसताच काही जण रडतात. तुम्हालाही तेच हवं असेल तर गर्दीविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण ती गर्दीच त्या अनुभवाचा भाग आहे. फक्त शांतता मिळेल अशी आशा धरून या पर्यायाकडे जाऊ नका.

एक पाचवाही पर्याय लोक सुचवतात: सगळ्यांच्या आधी, मध्यरात्रीलाच निघा. तो मी सुचवणार नाही. तुम्ही तीन वाजता माथ्यावर पोहोचाल, सूर्य जूनमध्ये पावणेसहाच्या सुमाराला आणि डिसेंबरअखेरीस साडेसहाच्या सुमाराला उगवेल. मधले तीन तास घामाने ओल्या अंगाने वाऱ्यात बसावं लागेल. आणि शेवटी गर्दी येणारच आहे.

मुक्काम पायथ्याशीच करा

किनाऱ्यावरून रात्रीच्या बसने आलात की वेळ तुमच्या हातात राहत नाही, ती बसच्या चालकाच्या हातात जाते. म्हणून वरचे पहिले तीन पर्याय हवे असतील तर सेंट कॅथरीन गावात किमान दोन रात्री राहायला हवं. गाव मठापासून थोड्या अंतरावर आहे. तिथे साधी हॉटेलं आणि बेदुइन (इथल्या वाळवंटातल्या अरब जमातींची) कुटुंबं चालवतात ते कॅम्प आहेत. मठाचं स्वतःचं अतिथिगृहही आहे. आणखी एक फायदा म्हणजे गाव समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंचावर आहे. किनाऱ्यावरून थेट येऊन चढायला लागण्यापेक्षा एक रात्र इथे काढली तर दम कमी लागतो. 2285 मीटर ही फार मोठी उंची नाही, पण रात्रभर न झोपता बसमध्ये बसून आलेल्या शरीराला ती जाणवते.

अलीकडच्या वर्षांत इजिप्त सरकारने इथे मोठा पर्यटन विकास प्रकल्प हाती घेतला असून, नवी हॉटेलं आणि इमारती उभ्या राहत आहेत. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतलं गाव आणि आजचं गाव यांत फरक दिसेल. पार्किंग कुठे, पायथ्याला चालत किती, हे मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. जुन्या नकाशावर विसंबू नका.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. रस्त्यावर तपासणी नाकी बरीच आहेत आणि प्रत्येक ठिकाणी पासपोर्ट मागतात. तो बॅगेच्या तळाशी नको, खिशात हवा, आणि जोडीला दोन झेरॉक्स. शर्मच्या विमानतळावर काही देशांच्या नागरिकांना फक्त सिनाईपुरता प्रवेशाचा शिक्का मिळतो. भारतीय पासपोर्टवाल्यांनी त्या भरवशावर न राहता व्हिसा घरून निघण्याआधीच पक्का करावा. उत्तर सिनाईची परिस्थिती वेगळी आहे, तिकडे जायचं नाही. दक्षिणेबद्दल आपल्या परराष्ट्र खात्याची ताजी सूचना निघण्यापूर्वी वाचून घ्या.

वाटाड्या घ्यावाच लागतो

जबल मूसावर स्थानिक बेदुइन वाटाड्याशिवाय जाऊ देत नाहीत. वाट इतकी मळलेली आहे की चुकणं कठीण, म्हणून काहींना हा नियम पैसे काढण्याची युक्ती वाटते. तसं पाहू नका. इथली जबालिया जमात मठाची सोबत करत आलेली आहे. जस्टिनियनने मठाच्या सेवेसाठी आणि राखणीसाठी जी माणसं इथे आणली, त्यांचे आपण वंशज, असं ते सांगतात. डोंगरावरची कामं, वाटाड्यापासून उंटवाल्यापर्यंत, आजही मुख्यतः त्यांच्याकडे आहेत, आणि बाकी उत्पन्नाची साधनं फार नाहीत.

मात्र कुणाचाही हात धरून निघू नका. आदल्या संध्याकाळी तुमच्या कॅम्पमधून वाटाडा ठरवा आणि तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: कुठल्या वेळी निघायचं, कुठल्या वाटेने वर आणि कुठल्या वाटेने खाली, आणि माथ्यावर किती वेळ थांबायचं. सूर्यास्ताला जायचंय म्हटल्यावर तो दोनदा विचारेल, कारण बहुतेक सगळे पहाटेच मागतात. पायथ्याशी गटाला नेमून दिलेला वाटाडा घेतलात तर तो गटाच्या चालीने चालेल, आणि मग पुन्हा तीच रांग. पैसे ठरवताना इजिप्शियन पौंडात ठरवा आणि सुटे जवळ ठेवा. वर चहा, शौचालय, भाड्याची घोंगडी, सगळ्याला सुटेच लागतात.

वाटा दोन, नियम एक

मठामागून वर जाणाऱ्या दोन मुख्य वाटा आहेत.

एक उंटवाट. एकोणिसाव्या शतकात इजिप्तचा शासक अब्बास पाशा याच्या काळात ती तयार झाली, म्हणून तिला पाशाची वाट म्हणतात. ती रुंद आहे, वळणं घेत हळूहळू चढते आणि वाटेत बेदुइनांच्या दगडी टपऱ्या आहेत. मध्यम चालीने अडीच ते तीन तास लागतात.

दुसरी पायऱ्यांची वाट. एका भिक्षूने प्रायश्चित्त म्हणून या पायऱ्या रचल्या, असं सांगतात. संख्या 3750 सांगितली जाते. ही वाट मठाच्या मागच्या अरुंद घळीतून जवळजवळ सरळ वर चढते. पायऱ्या म्हणजे कारखान्यात घडवलेल्या नव्हेत. ओबडधोबड दगड, कुठे वीतभर उंच, कुठे गुडघ्याइतका. वाटेत दगडी कमानी लागतात. त्यांतल्या एकीपाशी सहाव्या शतकात स्टीफन नावाचा भिक्षू बसायचा आणि यात्रेकरूंच्या पापांची कबुली ऐकल्यावरच त्यांना पुढे सोडायचा, अशी आख्यायिका आहे.

दोन्ही वाटा माथ्याखाली जवळजवळ एकत्र येतात. तिथून शेवटच्या सुमारे 750 पायऱ्या सगळ्यांना सारख्याच. त्याच टप्प्यावर, पायऱ्यांच्या वाटेला, एलियाचं पठार नावाची खोलगट जागा आहे. तिथे सुरूचं एक जुनं झाड आणि एलियाच्या नावाचं छोटं चॅपल आहे. जुन्या करारातल्या कथेत एलिया संदेष्टा होरेब (सिनाईचंच दुसरं नाव) पर्वतावर पळून आला तो इथेच, असं मानतात. या पठाराकडे बहुतेक सहली ढुंकूनही पाहत नाहीत, आणि मला विचाराल तर सगळ्या डोंगरावर बसायला याहून चांगली जागा नाही.

नियम असा: पायऱ्या उजेडात, उंटवाट अंधारात. यात तडजोड नको. सूर्यास्ताला जाणार असाल तर पायऱ्यांनी वर जा आणि टॉर्चच्या उजेडात उंटवाटेने उतरा. सूर्योदयाला जाणार असाल तर याच्या नेमकं उलट. अंधारात पायऱ्या उतरताना एक पाय चुकला तर घोटा जातो. दिवसा त्याच पायऱ्या म्हणजे या डोंगराचा सगळ्यात देखणा भाग.

गुडघे दुखत असतील तर मात्र पायऱ्यांनी उतरूच नका, कितीही देखणी वाट असली तरी. आणि हा निर्णय घरी बसून घ्या. माथ्यावर सकाळच्या उत्साहात घेतलेला निर्णय अर्ध्या घळीत महागात पडतो.

बॅगेत काय

वाळवंट म्हटलं की लोक पाणी आठवतात आणि थंडी विसरतात. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्याने सूर्य गेल्यावर जमिनीतली उष्णता भराभर निघून जाते. उन्हाळ्यातही माथ्यावर पहाटे जाकीट लागतं. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, कधी बर्फही पडतं, आणि मग शेवटच्या पायऱ्या निसरड्या होतात.

खरी अडचण घामाची आहे. चढताना अंग तापतं, सुती बनियन भिजतो, आणि माथ्यावर थांबलात की वाऱ्यात तोच बनियन बर्फाच्या फडक्यासारखा अंगाला चिकटतो. म्हणून चढताना आतून लवकर वाळणारा, सुती नसलेला कपडा घाला, आणि मुद्दाम थोडी थंडी वाजेल एवढ्याच कपड्यांत चाला. एक कोरडा टीशर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवा. शेवटच्या टपरीच्या आडोशाला तो बदला, मग स्वेटर, वरून वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे. माथ्यावर भाड्याने घोंगड्या मिळतात. त्या किती जणांनी वापरल्या आहेत याचा विचार करायचा नसेल तर आपलंच ऊबदार पांघरूण न्या.

पाणी: रात्रीच्या चढाईला दीड ते दोन लिटर, दिवसाच्या चढाईला तीन. कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत वाळतो, त्यामुळे तहान लागेपर्यंत थांबू नका. थोडं मीठ-साखर सोबत असू द्या. टपऱ्यांवर पाणी आणि चहा मिळतो. पण लक्षात ठेवा, या टपऱ्या गर्दीसाठी उघडतात. तुम्ही गर्दी चुकवून दुपारी चाललात, तर बऱ्याच टपऱ्यांना टाळं असेल. गर्दी टाळण्याची ही किंमत आहे आणि ती बॅगेत वाहावी लागते.

टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या, हात मोकळे राहतात. जास्तीचे सेल किंवा चार्ज असलेली दुसरी टॉर्च हवीच, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते. मोबाइलही आतल्या खिशात, अंगाजवळ. बूट घोट्याला आधार देणारे आणि आधीपासून वापरात असलेले. उतरण्यासाठी काठी असेल तर उत्तम. टॉयलेट पेपर आणि कचऱ्याची पिशवी विसरू नका. वर कचरा उचलायला कुणी खास येत नाही, आणि कोरड्या हवेत काहीच लवकर कुजत नाही.

चढताना

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. सूर्योदयाच्या गर्दीत असाल तर हे अवघड जातं, कारण मागून लोंढा येत असतो. बाजूला व्हा, त्यांना जाऊ द्या. पहिल्या दोन टपऱ्यांपाशी तेच लोक धापा टाकत बसलेले दिसतील.

उंटांबद्दल काही गोष्टी. रात्रभर ‘कॅमल, कॅमल’ अशी हाक अंधारातून येत राहते. नको असेल तर ‘ला, शुक्रन’ (नको, धन्यवाद) म्हणा आणि न थांबता चाला. उंट जवळून जात असेल तेव्हा नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या नव्हे. उंट वाट अडवत नाही, पण त्याच्या पाठीवरच्या सामानाचा किंवा माणसाच्या गुडघ्याचा धक्का बसू शकतो. टॉर्चचा झोत त्याच्या डोळ्यांवर मारू नका.

उंटावर बसायचंच असेल तर चढताना बसा, उतरताना शक्यतो नको. भाव बसण्याआधी ठरवा, आणि तो कुठपर्यंतचा हेही. उंट शेवटच्या 750 पायऱ्यांच्या तळापर्यंतच जातो, पुढे प्रत्येकाला पायीच जावं लागतं. आणि उंटावर बसलेल्या माणसाला चालणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त थंडी लागते. जाकीट सुरुवातीलाच घाला.

शेवटच्या पायऱ्या हाच खरा चिंचोळा भाग. कळसूबाईच्या शिडीपाशी सुट्टीच्या दिवशी माणसं तुंबतात, तशी इथे तुंबतात. या टप्प्याला एरवी अर्धा तास ते पाऊण तास पुरतो, सूर्योदयाच्या गर्दीत बराच जास्त लागू शकतो. मधेच फोटोसाठी थांबू नका. दम लागला तर कडेच्या दगडावर पूर्ण बाजूला व्हा. घाईने पुढच्यांना ओलांडण्यात काही मिळत नाही, कारण वरही गर्दीच आहे.

माथ्यावर

माथा लहान आहे. त्यावर पवित्र त्रैक्याचं चॅपल आहे. जस्टिनियनच्या काळातल्या चर्चच्या अवशेषांवर, त्यातलेच दगड वापरून ते 1934 मध्ये बांधलं. ते बहुधा कुलूपबंद असतं. शेजारी एक छोटी मशीद आहे. मूसा मुसलमानांनाही पैगंबर म्हणून पूज्य, त्यामुळे दोन धर्मांच्या इमारती इथे काही पावलांवर शेजारी उभ्या आहेत.

सूर्योदयाला सगळे पूर्वेच्या कठड्याकडे धावतात. तिकडे जाऊ नका. चॅपलच्या पश्चिम बाजूला जाऊन पाठ सूर्याकडे करा. समोरच्या, पश्चिमेकडच्या रांगांवर आधी उजेड पडतो, एकेक शिखर तांबडं होत खाली उतरत जातं. त्या बाजूला जागाही असते आणि वारा कमी असला तर बसताही येतं. कड्याच्या टोकाशी, कठडा नाही तिथे मात्र अंधारात जाऊ नका. गर्दीत मागून लागणारा एक धक्का पुरेसा असतो.

सूर्य वर आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळे एकदम उतरायला लागतात. तुम्ही उठू नका. तासभर थांबलात तर माथा जवळजवळ तुमचाच. म्हणूनच वाटाड्याशी थांबण्याचं आधी बोलून ठेवायला सांगितलं होतं. नाहीतर तो बिचारा घड्याळ दाखवत राहतो.

उतरणं आणि मठ

उंटवाटेने उतरायला दीड-दोन तास. पायऱ्यांनी तेवढेच, पण मांड्यांची कसोटी. माथ्याखालून पायऱ्यांच्या वाटेला वळलात की पहिलं एलियाचं पठार लागतं, तिथे थांबा. इथून रास सफसाफा नावाच्या कड्याकडेही वाट जाते. त्याच्या खाली राहाचं विस्तीर्ण मैदान आहे. 1838 मध्ये अमेरिकी अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन इथे चढला आणि मोशेसोबतचे इस्रायली लोक जमले ते मैदान हेच, म्हणून दहा आज्ञांचा खरा पर्वत हाच कडा असावा, असं त्याने मांडलं. वाद मिटलेला नाही, पण जागा निवांत आहे. वेळ आणि वाटाड्याची तयारी असेल तर जाऊन या. वाट काही ठिकाणी हात लावून चढावी लागते, हे आधी विचारून घ्या.

मठात जायचं असेल तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चर्चच्या आत फोटो काढू देत नाहीत. देव ज्यातून मोशेशी बोलला ते जळतं झुडूप म्हणून दाखवतात ते झुडूप आवारात आहे, आणि फातिमी खलिफांच्या काळातली एक मशीदही. पायऱ्यांवरच्या कमानीपाशी बसणारा तो स्टीफन आठवतो का?  त्याचा सांगाडा आजही मठाच्या अस्थिगृहात, वस्त्र नेसवून बसवलेला आहे. संग्रहालयात जुन्या मूर्तिचित्रांसाठी वेळ ठेवा. सहाव्या शतकातलं ख्रिस्ताचं चित्र जगातल्या सर्वांत जुन्या अशा चित्रांपैकी आहे. ‘कोडेक्स सिनाइटिकस’ ही चौथ्या शतकातली बायबलची पोथी इथलीच, पण तिचा मोठा भाग 1933 पासून लंडनमध्ये आहे. ती इथे सबंध पाहायला मिळेल असं समजून येऊ नका. मठ उघडल्यावर पहिला तास बसवाल्यांचा. गावात मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी, बंद व्हायच्या तासभर आधी जा.

तरीही एकांतच हवा असेल तर

मग शिखर बदला. शेजारचा जबल कॅथरीना 2600 मीटरहून उंच, इजिप्तमधला सगळ्यात उंच डोंगर. गंमत म्हणजे देशातलं सर्वोच्च शिखर रिकामं आणि त्याच्या सावलीतलं ठेंगणं शिखर भरलेलं. कॅथरीनावर रात्रीच्या सहली येत नाहीत, कारण जाऊन-यायला अख्खा दिवस लागतो आणि टपऱ्यांची सोबत नाही. माथ्यावर छोटं चॅपल आहे, आणि हवा स्वच्छ असेल तर तिथून लांबवरचं आखात दिसतं. जबल अब्बास पाशावर त्याच पाशाचा अर्धवट राहिलेला महाल आहे. तिथे जायला आणखी जास्त चाल आणि बहुधा डोंगरात एक मुक्काम लागतो. त्याहून लांब चालायचं असेल त्यांच्यासाठी बेदुइन जमातींनी 2015 मध्ये सुरू केलेली ‘सिनाई ट्रेल’ ही अनेक दिवसांची वाट आहे.

दोन्ही शिखरं करायची असतील तर क्रम असा ठेवा: पहिल्या दिवशी दुपारी जबल मूसा, सूर्यास्त पाहून रात्री गावात. दुसऱ्या दिवशी पायांना विश्रांती आणि मठ. तिसऱ्या दिवशी पहाटे उजाडायच्या आधी कॅथरीनासाठी निघा. चार लिटर पाणी, दिवसभराचं खाणं, आणि दुपारी एकनंतर माथ्यावर थांबायचं नाही. हिवाळ्यात वर बर्फ असेल तर वाटाडा नाही म्हणेल, आणि त्याच्याशी वाद घालू नका. परतीची गाडी चौथ्या दिवशी सकाळची ठरवा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळची ठरवली तर उतरताना घाई होते, आणि कॅथरीनाच्या वाटेवरचे सुटे दगड घाई चालवून घेत नाहीत.